ऑटोलिस्पमधील रिअॅक्टरचा बिघाड शोधताना

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रणालीसाठी ऑटोलिस्प भाषेत लिहिलेली साधी रूटीन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, बिघडली, तर तिचा बिघाड सहसा समोरच दिसतो. कमांड दिली, रूटीन मध्येच थांबली, कमांड लाइनवर त्रुटीचा संदेश उमटला, की कोणत्या ओळीपर्यंत सर्व सुरळीत होते हे थोड्या प्रयत्नाने कळते. रिअॅक्टरचे तसे नसते. रिअॅक्टर म्हणजे ड्रॉइंगमधल्या घटनांवर कान ठेवणारी यंत्रणा, आणि घटना घडताच तिच्यामुळे चालणारे फंक्शन म्हणजे तिचा कॉलबॅक. हा कॉलबॅक आपण बोलावत नाही. ड्रॉइंगमध्ये काही घडले की ऑटोकॅड तो बोलावते, आणि पुष्कळदा स्वतःचे काम अर्धवट असतानाच बोलावते. म्हणून ‘रूटीन कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली की कोडच्या ओळी तपासण्याआधी कॉलबॅक केव्हा चालला आणि कोणाच्या कामाच्या मध्ये चालला, हे शोधावे, असे माझे मत आहे. या लेखात फंक्शनची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

अलीकडे एका आर्किटेक्टच्या कार्यालयातील रूटीन माझ्याकडे तपासणीसाठी आली होती. प्रत्येक खोलीच्या कडेने बंद पॉलीलाइन (सलग जोडरेषा), तिच्या आत क्षेत्रफळाचा टेक्स्ट, आणि पॉलीलाइनची ग्रिप, म्हणजे तिच्यावरची पकडण्याची खूण, ओढली की टेक्स्ट आपोआप बदलावा, एवढीच अपेक्षा होती. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या करून दिली आहे आणि विक्रीचे व्यवहार त्याच आकड्यावर होतात. खोल्यांच्या क्षेत्रफळांची नुसती बेरीज म्हणजे कार्पेट एरिया नव्हे, कारण घराच्या आतल्या विभाजक भिंतींचे क्षेत्रही त्यात धरले जाते. पण हिशेबाची सुरुवात याच आकड्यांपासून होते, आणि म्हणून ड्रॉइंगमध्ये राहून गेलेला जुना आकडा ही किरकोळ बाब मानता येत नाही. कार्यालयाच्या तक्रारी तीन होत्या. काही वेळा टेक्स्ट बदलत नाही. दिवसभर काम केल्यावर ऑटोकॅड जड होते. आणि खोल्यांना क्रमांक देणारी दुसरीच एक रूटीन, जी पूर्वीपासून बिनतक्रार चालत आली होती, ती आता अधूनमधून क्रमांक चुकवते.

जड होण्याची तक्रार सर्वांत आधी घेतली, कारण तिचे कारण मोजता येते. रिअॅक्टरची फंक्शने उपलब्ध करणारे व्हीएल-लोड-कॉम दिल्यानंतर व्हीएलआर-रिअॅक्टर्स हे फंक्शन कमांड लाइनवर चालवले, की त्या ड्रॉइंगमध्ये जिवंत असलेल्या सर्व रिअॅक्टरांची प्रकारवार यादी मिळते. या रूटीनने एकच कमांड रिअॅक्टर, म्हणजे कमांडच्या घटना ऐकणारा रिअॅक्टर, ठेवायला हवा होता. यादीत एकाच कॉलबॅकचे अनेक निघाले. फाइल अॅपलोड या कमांडने पुन्हा लोड केली, की रिअॅक्टर निर्माण करणारी ओळ पुन्हा चालते आणि आधीच्या रिअॅक्टरशेजारी नवा उभा राहतो. ज्या व्हेरिएबलमध्ये पहिला रिअॅक्टर ठेवला होता त्यात आता दुसरा येतो, परंतु त्यामुळे पहिला संपत नाही. व्हेरिएबल निल, म्हणजे रिकामे, केले तरी तो संपत नाही. व्हीएलआर-रिमूव्ह केल्याशिवाय किंवा ड्रॉइंग बंद झाल्याशिवाय तो ऐकतच राहतो.

येथे एक बारकावा आहे. रिअॅक्टरला कॉलबॅक नावाने, म्हणजे कोट केलेल्या सिम्बॉलने दिला असेल, तर फंक्शनची नवी व्याख्या लोड करताच जुने रिअॅक्टरही नवीच व्याख्या चालवतात. काम बरोबर होते, फक्त ते पुन्हापुन्हा होते. पण कॉलबॅकच्या जागी लॅम्डा, म्हणजे बिननावाचे फंक्शन, दिला असेल, तर जुना रिअॅक्टर जुनाच कोड धरून बसतो. दुरुस्ती करून फाइल लोड केली तरी बिघाड जागच्या जागीच दिसतो, आणि दुरुस्ती चुकली असा समज होऊन माणूस योग्य ओळही पुन्हा बदलून टाकतो. म्हणून कॉलबॅक नेहमी नावानेच द्यावा.

दुबार नोंदणी टाळण्यासाठी रिअॅक्टर तयार करताना त्याच्या डेटामध्ये आपल्या रूटीनची एक ठरावीक खूण ठेवावी आणि फाइल लोड होताच यादीतील प्रत्येक रिअॅक्टरचा व्हीएलआर-डेटा तपासून ती खूण असलेले रिअॅक्टर काढून टाकावेत, मगच नवा निर्माण करावा. व्हीएलआर-रिमूव्ह-ऑल वापरून एका फटक्यात सर्व साफ करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो मला अजिबात पटत नाही, कारण त्याच ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या कोणाच्या लिस्प रूटीनचे रिअॅक्टरही चालू असू शकतात आणि ते या आदेशाने मुकाट्याने बंद पडतात. याच तपासणीत असेही दिसले की रूटीनने प्रत्येक पॉलीलाइनसाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट रिअॅक्टर, म्हणजे ठरावीक वस्तूतले बदल ऐकणारा रिअॅक्टर, केला होता. एका ऑब्जेक्ट रिअॅक्टरला अनेक मालक, म्हणजे त्याने ऐकायच्या वस्तू, असू शकतात. नवी पॉलीलाइन आली की तिला व्हीएलआर-ओनर-अॅडने त्याच रिअॅक्टरला जोडणे पुरेसे असते.

यानंतर प्रश्न टेक्स्ट न बदलण्याचा. अशा वेळी घटनांची नोंद हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑटोलिस्पच्या व्हिज्युअल लिस्प या विस्तारात व्हीएलआर-ट्रेस-रिअॅक्शन नावाचा तयार कॉलबॅक आहे. तो घटनेची माहिती संपादकाच्या ट्रेस खिडकीत लिहितो. ऑटोकॅड 2021 पासून लिस्पचा संपादक ठरवणारे लिस्पसिस हे सिस्टिम व्हेरिएबल आले आणि व्हीएस कोड या संपादकातून काम करण्याची सोय झाली, तेव्हापासून जुना संपादक सर्वांच्या हाताशी असतोच असे नाही. मला स्वतःचा छोटा नोंद-कॉलबॅक अधिक भरवशाचा वाटतो. तो फाइल जोडणीसाठी उघडतो, त्यात मिलिसेक्स या सिस्टिम व्हेरिएबलमधली वेळ, व्हीएलआर-करंट-रिअॅक्शन-नेमने मिळणारे घटनेचे नाव आणि कमांडचे नाव किंवा एंटिटीचे, म्हणजे ड्रॉइंगमधल्या वस्तूचे, हँडल (तिचा ओळखक्रमांक) अशी एकच ओळ लिहितो, आणि फाइल लगेच बंद करतो. प्रत्येक ओळीनंतर फाइल बंद करणे आवश्यक आहे, कारण ऑटोकॅडच कोसळले तर शेवटची ओळ तेवढ्यामुळेच वाचते. ब्रेकपॉइंट लावून कॉलबॅक थांबवण्याचा मार्ग मी टाळतो. कमांड मध्यावर असताना थांबवून खिडक्या बदलल्या, की आपण ज्या क्रमाचा शोध घेत आहोत तो क्रमच विस्कळीत होण्याची शक्यता असते.

नोंद पाहिली, तेव्हा एका ग्रिप ओढण्याच्या क्रियेत साधारण पुढील ओळी आल्या: कमांड-विल-स्टार्ट (कमांड सुरू होते), ग्रिप_स्ट्रेच; मॉडिफाइड (वस्तू बदलली), हँडल 1एफ4; मॉडिफाइड, हँडल 1एफ4; कमांड-एंडेड (कमांड संपली), ग्रिप_स्ट्रेच. वापरणाऱ्याच्या दृष्टीने एकदाच झालेल्या बदलासाठी मॉडिफाइडची सूचना दोनदा आली होती. हे ऑटोकॅडच्या वर्तनाला धरूनच आहे. एका क्रियेत एक सूचना येईल, किंवा सूचना ठरावीक क्रमाने येतील, असा कोणताही शब्द ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क देत नाही. मार्गदर्शिकेत तर क्रमावर विसंबू नये असे स्पष्ट म्हटले आहे. ही रूटीन मात्र मॉडिफाइडच्या कॉलबॅकमध्येच क्षेत्रफळ काढून तिथल्या तिथे टेक्स्टवर लिहीत होती, शिवाय पॉलीलाइन किंचित उघडी राहिली असेल तर तिला बंदही करत होती. ज्या वस्तूने सूचना दिली तीच वस्तू त्या सूचनेच्या कॉलबॅकमध्ये बदलायची नसते, कारण ऑटोकॅडने ती अजून हातातून सोडलेली नसते. त्यातून कधी त्रुटी येते, कधी बदल गळून पडतो, आणि कधी नवी मॉडिफाइड सूचना निघून कॉलबॅक स्वतःलाच बोलावत राहतो. तिच्याकडून माहिती वाचायला हरकत नाही. कॉलबॅकमध्ये कमांड फंक्शन, गेटपॉइंट किंवा एंटसेलसारखी उत्तर मागणारी फंक्शने आणि डायलॉग बॉक्स हेही वर्ज्यच आहेत.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. ऑब्जेक्ट रिअॅक्टरच्या कॉलबॅकने फक्त हँडल टिपून ठेवावे, तेही यादीत आधीपासून नसेल तरच, आणि प्रत्यक्ष काम कमांड रिअॅक्टरच्या कमांड-एंडेड कॉलबॅकने करावे. तोपर्यंत पॉलीलाइन मोकळी झालेली असते आणि दोनदा आलेल्या सूचनेचे काम एकदाच होते. परंतु एवढे करून थांबले, तर मूळ तक्रार नव्या रूपात परत येते, कारण प्रत्येक बदलाचा शेवट कमांड-एंडेडने होत नाही.

फिलेट कमांडमध्ये मल्टिपल पर्याय घेऊन कोपरे गोल करत गेल्यावर शेवटी एंटर दाबण्याऐवजी एस्केप दाबण्याची सवय ड्राफ्टिंग करणाऱ्या पुष्कळांना असते. गोल झालेले कोपरे तसेच राहतात, क्षेत्रफळ बदललेले असते, पण घटना येते ती कमांड-कॅन्सल्ड. टिपलेले हँडल यादीत पडून राहते आणि पुढची कोणतीतरी असंबद्ध कमांड संपेपर्यंत टेक्स्ट जुनाच आकडा दाखवतो. तेवढ्यात कोणी प्लॉट काढला नाही हे नशीब, असे म्हणण्याची वेळ येऊ नये. कमांड-एंडेड, कमांड-कॅन्सल्ड आणि कमांड-फेल्ड या तिन्ही घटनांना यादी निकालात काढणारे तेच फंक्शन जोडले पाहिजे. दुसरी गळती लिस्पमधून होते. एखाद्या रूटीनने एंटमॉड या वस्तू बदलणाऱ्या फंक्शनने किंवा अॅक्टिव्हएक्सच्या गुणधर्मातून पॉलीलाइन बदलली, तर मॉडिफाइड येते, पण कमांडची कोणतीही घटना येत नाही, कारण कमांड झालेलीच नसते. तेथे लिस्प रिअॅक्टर लागतो, ज्याच्या लिस्प-एंडेड आणि लिस्प-कॅन्सल्ड या घटना याच कामासाठी आहेत.

पारदर्शक, म्हणजे दुसऱ्या कमांडच्या मध्येच चालणाऱ्या, कमांडचा मुद्दा या रूटीनला लागू नव्हता, पण त्याच कार्यालयात लेयर आपोआप बदलणारा एक कमांड रिअॅक्टर होता आणि त्याला तो पुरेपूर लागू होता. माप देणारी डिमलिनियर कमांड सुरू झाली की चालू लेयर लक्षात ठेवायचा, मापांचा लेयर लावायचा, आणि कमांड संपली की जुना लेयर परत आणायचा, असा त्याचा हेतू. माप देत असताना मध्येच अॅपॉस्ट्रॉफी लावून झूम दिले, की झूमसाठीही विल-स्टार्ट आणि एंडेड येतात. कॉलबॅकने कमांडचे नाव तपासलेच नाही, तर झूम संपताच लेयर मूळ जागी जातो आणि माप भिंतीच्या लेयरवर पडते. लेयर ज्या कमांडसाठी बदलला, तिचे नाव साठवून ठेवावे आणि संपलेल्या कमांडचे नाव त्याच्याशी जुळले तरच लेयर परत करावा. कमांडचे नाव कॉलबॅकला मिळणाऱ्या यादीत पहिलेच असते. येथेही कॅन्सल्ड विसरता येत नाही, नाहीतर एका एस्केपनंतर पुढचे सारे काम मापांच्या लेयरवर होत राहते.

आता क्रमांक चुकवणाऱ्या रूटीनकडे वळतो, कारण या तपासणीतला सर्वांत फसवा बिघाड तोच होता. ती रूटीन निवडलेल्या पॉलीलाइन एकेक घेते, प्रत्येकीच्या एक्सडेटामध्ये, म्हणजे वस्तूला जोडलेल्या जादा माहितीत, खोलीचा क्रमांक एंटमॉडने लिहिते आणि मोजणीसाठी आय नावाचे व्हेरिएबल वापरते. ते व्हेरिएबल तिने फंक्शनच्या लोकल यादीत व्यवस्थित जाहीर केले होते. त्या रूटीनमध्ये दोष शोधून सापडणार नव्हता, कारण तो तिच्यात नव्हताच. क्षेत्रफळाच्या कॉलबॅकमध्येही हँडल शोधण्यासाठी आय वापरला होता आणि तेथे तो लोकल यादीत नव्हता.

ऑटोलिस्पमध्ये व्हेरिएबलची व्याप्ती गतिक असते. 1986 साली ऑटोकॅड 2.18 बरोबर ही भाषा पूर्ण स्वरूपात आली, तेव्हापासून साध्या, कंपाइल न केलेल्या लिस्प फाइलसाठी हा नियम तसाच आहे. फंक्शनने एखादे नाव लोकल केले, की ते फंक्शन संपेपर्यंत, त्याच्या पोटात जे जे चालेल त्या सर्वांना त्या नावाची तीच किंमत दिसते आणि बदलताही येते. एरवी पोटात काय चालणार हे लिहिणाऱ्याला माहीत असते. रिअॅक्टर आला की ते माहीत नसते. क्रमांकाच्या रूटीनने एंटमॉड केले, एंटमॉडच्या आतून मॉडिफाइडची सूचना निघाली, कॉलबॅक चालला, त्याने आयमध्ये स्वतःची किंमत लिहिली, आणि नियंत्रण परत आले तेव्हा क्रमांकाच्या रूटीनचा आय बदललेला होता. हँडलची यादी रिकामी असताना क्रमांक बरोबर येत, भरलेली असताना उडी मारत किंवा पुन्हा तेच येत. म्हणून तक्रारीत ‘अधूनमधून’ हा शब्द होता.

हा बिघाड पकडण्याची सोपी रीत आहे. नव्या ड्रॉइंगमध्ये फक्त संशयित रिअॅक्टर लोड करावा, हाताने एक ग्रिप ओढावी, आणि कमांड लाइनवर उद्गारचिन्हापुढे त्या व्हेरिएबलचे नाव लिहून एंटर द्यावे. निल आले पाहिजे. दुसरी कोणतीही किंमत आली तर कॉलबॅक ते नाव बाहेर सांडतो आहे. नावे पुष्कळ असतील, तर सर्व नावे देणाऱ्या अॅटम्स-फॅमिलीची यादी ग्रिप ओढण्यापूर्वी आणि नंतर घेऊन दोन्हींतला फरक पाहावा. कॉलबॅकमधील प्रत्येक व्हेरिएबल लोकल असलेच पाहिजे, आणि जी नावे मुद्दाम ग्लोबल ठेवायची, उदाहरणार्थ टिपलेल्या हँडलांची यादी, त्यांना दुसरे कोणी वापरणार नाही असा लांब उपसर्ग द्यावा. साध्या रूटीनमध्ये ही शिस्त चांगली सवय म्हणून शिकवली जाते. रिअॅक्टरमध्ये तिच्यावाचून शेजारच्या माणसाचे काम बिघडते.

एवढे करूनही एका खोलीचा टेक्स्ट एकदा बदलेनासा झाला की तो ड्रॉइंग बंद करून उघडेपर्यंत बदलत नसे, आणि त्याच्याबरोबर इतर खोल्यांचेही टेक्स्ट थांबत. असे पूर्ण मौन दिसले की मी राखणदार झेंडा पाहतो. कॉलबॅकने केलेल्या बदलामुळे तोच कॉलबॅक पुन्हा चालू नये म्हणून काम सुरू करताना एक ग्लोबल व्हेरिएबल टी (खरे) करतात आणि शेवटी निल करतात. मध्ये त्रुटी आली तर शेवटची ओळ गाठलीच जात नाही, झेंडा वरच राहतो, आणि त्यानंतरची प्रत्येक सूचना दारातूनच परत जाते. त्रुटीचा संदेश येऊन गेलेला असतो, पण कमांड लाइनवर इतर ओळींच्या गर्दीत तो कोणाला दिसत नाही. प्रत्यक्ष काम व्हीएल-कॅच-ऑल-अप्लायमध्ये गुंडाळावे, त्यातून बाहेर आल्यावर झेंडा कोणत्याही परिस्थितीत खाली घ्यावा, आणि पकडलेल्या त्रुटीचा मजकूर व्हीएल-कॅच-ऑल-एरर-मेसेजने काढून नोंदीच्या फाइलमध्ये लिहावा. त्रुटी पकडून गिळून टाकणे हे न पकडण्यापेक्षाही वाईट आहे.

नोंदीत जी त्रुटी सापडली तिचे कारण पुसून टाकलेला टेक्स्ट होते. रूटीन पॉलीलाइनच्या एक्सडेटामधून टेक्स्टचे हँडल घेत होती, ते हँडलवरून एंटिटीचे नाव देणाऱ्या हँडेंटला देत होती, आणि निल आले नाही म्हणजे टेक्स्ट अस्तित्वात आहे असे धरून पुढे जात होती. हँडेंट मात्र त्याच सत्रात पुसलेल्या एंटिटीचेही नाव परत करते, जेणेकरून ती एंटडेलने पुन्हा आणता यावी. म्हणून हँडेंटने दिलेल्या नावावर एंटिटीची माहिती वाचणारे एंटगेट करून पाहावे. ते निल आले तर वस्तू पुसलेली आहे. अॅक्टिव्हएक्सची वस्तू हातात असेल तर व्हीएलएएक्स-इरेझ्ड-पी हाच प्रश्न विचारते. ड्रॉइंग उघडल्यावर बिघाड नाहीसा का व्हायचा, हेही यातून उलगडले: सेव्ह करताना पुसलेला टेक्स्ट फाइलमधून जातो आणि पुढच्या सत्रात हँडेंट खरोखरच निल देते.

अनडूबाबत थोडक्यात लिहितो. अनडूच्या वेळीही बदलाच्या सूचना येतात, आणि तेव्हा टेक्स्ट पुन्हा लिहिण्याची गरज नसते, कारण अनडू त्यालाही मागे नेते. कॉलबॅकने तरीही ड्रॉइंगमध्ये काही लिहिले, तर तो नवा बदल ठरतो आणि रीडू हातचे जाते. यू, अनडू, रीडू आणि एमरीडू या नावांच्या कमांड संपल्या की टिपलेली यादी काम न करता रिकामी करावी.

केवळ क्षेत्रफळाचा आकडा दाखवायचा असेल, तर माझा सल्ला रिअॅक्टर न लिहिण्याचाच आहे. ऑटोकॅड 2005 पासून फील्डची, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या मजकुराची, सोय आहे. पॉलीलाइनच्या क्षेत्रफळाला जोडलेले फील्ड रीजेन कमांडने ड्रॉइंग पुन्हा आखताना स्वतः बदलते, आणि फील्डइव्हॅल हे सिस्टिम व्हेरिएबल मूळच्या 31 वर ठेवले असेल तर उघडताना, सेव्ह करताना, प्लॉटच्या आणि ई-ट्रान्समिटच्या वेळीही बदलते. या कार्यालयाला ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झालेल्या खोलीचा टेक्स्ट वेगळ्या लेयरवर हवा होता, आणि तो निर्णय फील्ड घेऊ शकत नाही. म्हणून रिअॅक्टर राहिला.

शेवटचा प्रश्न त्यांनी दुरुस्तीनंतर विचारला: रिअॅक्टर व्हीएलआर-पर्सने ड्रॉइंगमध्ये कायम करावेत का? कायम रिअॅक्टर ड्रॉइंगबरोबर साठवला जातो, पण साठवले जाते ते कॉलबॅकचे नाव. फंक्शनचा कोड साठवला जात नाही. ज्या संगणकावर रूटीन लोड नाही तेथे ते ड्रॉइंग उघडले, तर रिअॅक्टर असतो आणि त्याने बोलवायचे फंक्शन नसते. स्ट्रक्चरल सल्लागाराकडे आणि पालिकेच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्या ड्रॉइंगमध्ये असे काही असू नये. त्याऐवजी अॅकॅडडॉक फाइलमधून प्रत्येक ड्रॉइंग उघडताना रूटीन लोड करावी, एक्सडेटाची खूण असलेल्या पॉलीलाइन तिने एसएसगेटने शोधाव्यात आणि रिअॅक्टरला नव्याने जोडाव्यात. त्यांच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये आधीच कायम झालेले रिअॅक्टर होते. ते व्हीएलआर-पर्स-लिस्टने मिळतात, प्रत्येकाला आधी व्हीएलआर-पर्स-रिलीज आणि मग व्हीएलआर-रिमूव्ह द्यावे लागते, आणि यादी निल आल्यानंतर ड्रॉइंग सेव्ह करावे लागते.